सुमन माझ्यासाठी भांडली होती

सुमन गेल्याची बातमी आमच्या गल्लीत फोनवर आली. समोरच्या रेखानं बायकांच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले होते, 'सुमन गेली'. एरवी असं काही आलं की लगेच हात जोडलेली चित्रं, फुलं, दिवे येतात. त्या सकाळी पाच-दहा मिनिटं कुणीच काही टाकलं नाही. मग एकीनं विचारलं, तुला कुणी सांगितलं? रेखानं लिहिलं, बेळगावच्या खासबागेतल्या तिच्या नणंदेनं. दुसरीनं विचारलं, नणंद दवाखान्यात होती का? होय, तिथूनच फोन केला. एवढं झाल्यावर मग घराघरातून रडण्याचा आवाज आला. हे असं विचारायला सुमननंच शिकवलं होतं. तिच्या मरणाची बातमीसुद्धा गल्लीनं तिच्या पद्धतीनं तपासून घेतली... मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसले होते. खरं लिहायचं तर वाईट वाटायच्या आधी मला दुसरंच काहीतरी वाटलं. मी मेले तर कुणी असं विचारणार नाही, येईल ते खरं धरतील, असं वाटलं. स्वतःला तिच्याशी मोजायची चाळीस वर्षांची सवय, ती त्या घडीलाही सुटली नाही.

आता सव्वा महिना झाला. पोटात दुखतंय म्हणून तिला निपाणीहून बेळगावला नेलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. मला बोलून सांगता आलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. चौथी झाल्यावर आईनं मला शाळेतून काढलं आणि विडीची पानं कातरायला बसवलं. सुमन माझ्यामागं एक वर्ष होती. आमच्याकडं वरच्या वर्गातल्या मुलीची पुस्तकं खालच्या वर्गातलीला द्यायची पद्धत होती, म्हणून माझी चौथीची पुस्तकं तिच्याकडं गेली. तिनं ती वाचली, पुढची पाचवीची कुणाकडून तरी घेतली, तशी दहावीपर्यंत गेली. तिची आईही विड्याच वळायची. गरिबी दोन्ही घरांत सारखीच होती, म्हणून तर मला राग जास्त होता. तिच्या आईला जे जमलं ते माझ्या आईला का जमलं नाही, हा प्रश्न मी आईला कधी विचारला नाही. त्याचा राग मी सुमनवर काढला, तोही मनातल्या मनात.

पुढं दोघींची लग्नं निपाणीतच झाली आणि नशिबानं एकाच गल्लीत सासर मिळालं. लोक म्हणायचे, बहिणी-बहिणी असल्यासारख्या राहता. तसं होतंही. माझ्या बाळंतपणात तिनं महिनाभर डबा दिला. पण तिला कानडी लिहिता-वाचता येत होतं, मला नुसतं बोलता येतं. सरकारी कचेरीत माझा कागद घेऊन ती पुढं व्हायची, कानडीत दोन वाक्यं बोलायची आणि कारकून तिला म्हणायचा, बसा अक्का. मी मागं उभी. काम माझं व्हायचं आणि खुर्ची तिला मिळायची. घरी येताना मी तिला चहा पाजायची, आणि चहा पिताना ती हसत हसत त्या कारकुनाची नक्कल करायची. मला हसू यायचं, आणि त्या हसण्याचाही मला राग यायचा.

दोन-अडीच वर्षांपूर्वी अश्विनी मॅडम आमच्या गल्लीत आल्या तेव्हा हे सगळं वर आलं. त्या विद्यापीठातून आल्या होत्या. मोबाईलवर खोट्या बातम्या कशा पसरतात याचा त्या अभ्यास करत होत्या. पहिल्या दिवशी बायकांनी दारं लोटून घेतली. कुणाला वाटलं रेशन कार्डाची चौकशी आहे, कुणाला वाटलं काहीतरी विकायला आल्यात. बायाक्का, आमच्या गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई, तिनं तोंडावरच विचारलं, "खोट्या बातम्या शिकायला विद्यापीठ कशाला लागतंय? आमच्या नळावर या की." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच आले."

त्यांची पद्धत मला आवडली होती, हे कबूल करते. त्या कधी 'हे खोटं आहे, तुम्ही फसलात' असं म्हणायच्या नाहीत. आपल्या फोनवर आलेली एखादी गोष्ट दाखवली की त्या चारच गोष्टी विचारायच्या. कुणाकडून आलं, कधी आलं, पुढं कुणाला पाठवलं, आणि त्यालाच का पाठवलं. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही, प्रत्येक घराला एक नंबर. सुरुवातीला एक कागद वाचून दाखवून सही घेतली होती. त्यात होतं की कधीही नको वाटलं तर सांगा, तुमचं पान आम्ही तुमच्यासमोर फाडून टाकू.

आमचं गाव महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवरचं. फोनवर कोल्हापूरकडून येतं ते मराठीत येतं, चिकोडीकडून येतं ते कानडीत. मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी तेव्हा फिरत होती. मराठीत आली तेव्हा टोळी हुबळीकडची होती. तीच बातमी, तोच फोटो, कानडीत आली तेव्हा टोळी कोल्हापूरकडची होती. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर सुमनच्या, कारण दोन्ही लिपी वाचणारी गल्लीत तीच. तिनं दोन फोन शेजारी ठेवून मॅडमना दाखवलं आणि म्हणाली, "बघा मॅडम, चोर नेहमी पलीकडच्याच गावचा असतोय." मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या गल्लीत यायच्या म्हणजे सुमनकडं यायच्या. सुमनताई म्हणायच्या. तिच्या घरात जमिनीवर मांडी घालून बसायच्या, आणि ती बोलायची ते लिहून घ्यायच्या. सुमन बोलते आणि शिकलेली बाई लिहून घेते... हे मी समोरच्या पायरीवरून रोज बघायची. मॅडमनी तिला सांगितलं होतं की इथलं काम पुरं झालं की बेळगावात त्यांच्याबरोबर कायमच्या कामाला घेऊ. सुमननं त्यासाठी दोन नव्या साड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मला उघडून दाखवल्या, पोत हातानं बघायला लावला.

मॅडम नसत तेव्हा वही सुमनकडं असायची, घराघरातलं तीच विचारून त्यात लिहायची. एकदा ती आत चहा टाकायला गेली आणि मी वही उघडली. माझ्या घराचा नंबर सात हे मला माहीत होतं. बाकीच्यांची पानं भरलेली होती, बाण काढलेले, इकडून तिकडं. माझ्या पानावर सुमनच्या अक्षरात एकच ओळ होती. 'ऐकते. कुणाला सांगत नाही. गोष्ट इथं थांबते.'

आज ती ओळ वाचली तर मी ती देव्हाऱ्यात ठेवीन. त्या दिवशी मला वाटलं, ही मला मोजतच नाही. सगळ्या गल्लीचं काही ना काही पुढं जातं, माझ्यापासून काहीच निघत नाही, असं तिनं लिहून ठेवलंय. चहा पिऊन मी उठले, माझ्या वाटणीची कातरलेली पानं द्यायला बायाक्काकडं गेले आणि तिला म्हटलं, "सुमननं सगळ्यांची नावं वहीत लिहिल्यात. पोलिसांत देणार हाय म्हणं." 'म्हणं' मुद्दाम लावलं, म्हणजे मला कुणीतरी सांगितल्यासारखं. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाबद्दल काही बोलले होते. बायाक्काच्या हातातली कात्री थांबली.

दुसऱ्या दिवशी ती गोष्ट माझ्याकडं परत आली तेव्हा मला ओळखू आली नाही. आता त्यात चिकोडीला पोलिसांची गाडी येऊन गेली होती. टोळीची बातमी पुढं पाठवलेल्या बायकांना उचलणार होते. एका नावाला अमुक इतके, असे पैसे सुमनला मिळायचे ठरले होते. तिसऱ्या दिवशी ती फोनवर कुणाच्या तरी आवाजात आली, मग कानडीतही आली. मला भीती वाटली, पण त्याबरोबर दुसरंही एक वाटलं, तेही लिहून टाकते. माझं बोलणं इतक्या तोंडांतून फिरून आलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं.

बायका एकेक करून सुमनच्या घरी जाऊन म्हणाल्या, आमचं पान काढा. मॅडम बेळगावहून आल्या. त्यांनी खूप समजावलं, पण कागदावर लिहिलं होतं तसंच वागल्या. एकेकीला समोर बसवून तिचं पान फाडून तिच्या हातात दिलं. शेवटी माझंच पान उरलं. सुमन म्हणाली, "शांते, तुझं तरी ऱ्हाऊ दे." मी नुसती नकारात मान हलवली. मॅडमनी तेही पान फाडलं. मग त्या दुसऱ्या गावी काम करायला गेल्या आणि बेळगावातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सुमन परत सूप घेऊन बसली.

पण पान फाडलं म्हणून सुमन गप्प बसणारी नव्हती. मॅडमनी शिकवलेलं तिला येत होतं. ती गल्लीच्या शेवटच्या घरापासून निघाली. तुला कुणी सांगितलं, त्या घरी जाऊन तुला कुणी सांगितलं, अशी उलटी चालत आली. चार दिवस मी घरात बसून तिचा आवाज जवळ येताना ऐकला. पाचव्या दिवशी ती बायाक्काच्या दारात पोचली. तिथं मोठ्यानं भांडण झालं, शब्द मला कळले नाहीत. थोड्या वेळानं सुमन आली आणि माझ्या उंबऱ्यावर बसली. तिला दम लागला होता. मी खाली मान घालून दोरा गुंडाळत होते.

"ती थेरडी काय म्हणती ठाव हाय?" सुमन म्हणाली. "म्हणती शांतानं सांगितलं. मी म्हटलं, बायाक्का, तुला लाज कशी वाटत न्हाय गं? जिच्या तोंडातनं कधी कुणाबद्दल शब्द निघत न्हाय, तिच्यावर ढकलतीस? तुझं त्वांड परत बघणार न्हाय म्हणून सांगून आले."

मी विडी वळून सुपात टाकली आणि दुसरं पान घेतलं. तेवढंच. बोलायला वेळ होता. ती बराच वेळ बसली होती, पाणी मागून प्यायली.

पोलीस कधी आलेच नाहीत, तेव्हा बायका हळूहळू सुमनशी बोलायला लागल्या. वर्षभरात तर फोनवर काही आलं की तिच्याकडंच विचारायला येऊ लागल्या. सुमन मात्र बायाक्काशी बोलली नाही ती नाहीच. दोन वर्षं. हळदी-कुंकवालाही एक आली की दुसरी उठून जायची. बायाक्का मला रस्त्यात दिसली की थांबायची, बघायची आणि पुढं जायची.

बाराव्यानंतर अश्विनी मॅडम भेटायला आल्या. सुमनच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो होतो. बायाक्का दाराशी होती, सुमन गेल्यावरच ती त्या घरात पाय ठेवू शकली. मॅडम खूप रडल्या. माझ्यासाठी कोण शिकलेली बाई इतकी रडेल, असं तेव्हाही माझ्या मनात आलं... मग डोळे पुसून त्या सांगायला लागल्या, की आम्ही मुलांना शिकवतो तेव्हा अफवा कशा पसरतात एवढंच सांगतो. ती थांबते कुठं, हे बघायला मला सुमनताईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, आमच्या गल्लीत एक बाई आहे, तिच्यापाशी अफवा थांबते. कोण ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण मी दरवर्षी वर्गात त्या बाईबद्दल सांगते.

बायाक्का माझ्याकडं बघत होती. तिनं म्हणावं म्हणून मी वाट बघितली, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. ती बोलली नाही.

"ती बाई मी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आन् पोलिसांचं बी मीच सांगितलं हुतं. बायाक्काला. बायाक्का खरं बोलत हुती."

मॅडमनी अगदी हळू विचारलं, "का सांगितलं?"

"तुम्ही तिच्याकडं येत हुता म्हणून."

बायाक्का भिंतीला धरून उठली. "दोन वरसं ती मला खोटारडी समजून जगली, आन् तशीच गेली," ती म्हणाली. "आता आमास्नी सांगून काय उपेग? जिला सांगायचं ती कुठं हाय?" आणि चपला घालून निघून गेली. तिच्यामागं एकेक बाई उठली. मॅडमनी माझा हात धरला होता.

सुमनला शेवटपर्यंत खरंच कळलं नव्हतं का, याचा मी रोज विचार करते. मला सोडून सगळ्यांच्या घराची साखळी तिला लागली, माझ्या दारात येऊन तिची बुद्धी चालली नाही, हे पटत नाही. पण ती ज्या बाईसाठी बायाक्काशी भांडली, त्या बाईवर तिचा खरंच विश्वास होता, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. मला त्या बाईचा हेवा वाटतो. सुमनच्या कानडीचा वाटला, साड्यांचा वाटला, मॅडमचा वाटला, पण इतका कशाचाच नाही.

त्या दिवसापासून गल्लीत माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी पायरीवर गेले की बोलणं थांबतं. मी कुणाच्या घरात शिरले की बायका पानं मोजायला लागतात. माझ्याबद्दल काहीतरी फिरतंय, ते किती वाढलंय, कुठवर गेलंय, मला काही कळत नाही. दिवेलागणीला उंबऱ्यावर बसून, कोण काय म्हणालं आणि त्यातलं खरं किती, हे मला येऊन सांगणारी एकच होती.