सुरतेचा अर्जंट कॉल

"बाई, भलतं अर्जंट शे," नानांनी फोनवर चौथ्यांदा सांगितलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल बुक करायचा आणि फोनजवळ बसून राहायचं. साधा कॉल तो ऑर्डिनरी. दुप्पट पैसे भरले की अर्जंट, तो आधी लागायचा. त्यामुळे गावात कुणी ऑर्डिनरी बुकच करेना. सगळेच अर्जंट, म्हणून सगळेच रांगेत.

नाना सरकीचे व्यापारी, आमचे रोजचे गिऱ्हाईक. म्हटलं, आज एवढं काय झालं?

सुरतेच्या एका मुलाने त्यांची मुलगी पसंत केली होती. मुलीलाही तो आवडला होता. पण नानांनी होकार कळवायला इतके दिवस लावले, की मुलाच्या वडिलांचा, आबांचा, निरोप आला: संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर उद्या आम्ही दोंडाईच्याला दुसरी मुलगी बघायला निघतो. नानांची मुलगी सकाळपासून जेवली नव्हती.

मला फार वाईट वाटलं. नानांच्या आधी एका कापडवाल्याचा नंबर होता. त्याला फोन लावला.

"शेठ, तुमचं कितपत अर्जंट आहे?"

"तसं काही नाही. भाचा पोचला का, एवढंच विचारायचं होतं."

त्याला मागे ठेवलं आणि नानांना सुरत जोडून दिली. वेळ मोजायला आम्ही मधूनमधून लाइनवर असायचो.

"राम राम आबा. तठे पाऊस कसा शे?"

पाऊस झाला. कापसाचा भाव झाला. आबांचा गुडघा झाला. मुलीकडच्यांनी उतावळेपणा दाखवायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं. पण तीन मिनिटांनी बोलणं तुटायचं.

"तीन मिनिटं होत आली," मी म्हटलं.

"बरं आबा, ठेवस. बाकी काही घाई नही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. बोलणाऱ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो गेला खड्ड्यात.

"नाना, एक्स्टेन्शन देते. आणखी तीन मिनिटं. मुद्द्याचं बोला, पोरगी उपाशी आहे घरी."

 मग आबा हसले. "नाना, हाई कोन शे?"

"ऑपरेटर शे," नाना पुटपुटले. "आबा, आमनी पोरना होकार शे."

"मंग पहिले सांगानं व्हतं ना."

लग्न झालं. सुपरवायझर बाईंनी मला झापलं, आणि पत्रिका आल्यावर माझ्यासोबत जेवायलाही आल्या.

पुढे कितीतरी वर्षं मी तेच ऐकलं. 'अर्जंट' हा शब्द लोक ऑपरेटरला सांगतात. ज्याला सांगायला हवा, त्याला म्हणतात, काही घाई नाही.