कारण: माझी आई

श्रुतिका घाडी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिचा एक पाय सतत हलत असतो. नाहूरहून अंधेरीला येते ती आल्या आल्या सिस्टिमने काल दिलेले सगळे नकार वाचायला घेते. कामच ते तिचं. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात नोंदणी, लॅब, औषधं, बिलं अशा वेगवेगळ्या सर्व्हिस एकमेकींकडे माहिती मागतात. कुणी कुणाला काय द्यायचं, याचे नियम श्रुतिका लिहिते. परवानगी नसेल तर दारातच अडवणूक.

गेल्या वर्षी माझी औषधांची सर्व्हिस तिने ऐन रिलीजच्या दिवशी अडवली.

"दोन तास सोड ना यार, उद्या नीट करतो," मी म्हटलं.

"उद्या नीट कर केतन, उद्या सोडते," असं म्हणून बाईंनी निवांत डबा उघडला. माझं असं डोकं फिरलं होतं म्हणून सांगू!

नियमात सूट हवी असेल तर दुसऱ्या कुणीतरी मंजुरी द्यायची, हाही नियम तिचाच. कारणाच्या रकान्यात सगळे 'टेस्टिंग' ठोकून मोकळे व्हायचे. ती परत पाठवायची, 'खरं लिहा.'

त्या शुक्रवारी पाय जरा जास्तच हलत होता. तिच्या आईच्या, जानकीकाकूंच्या, छातीत गाठ निघाली होती. तुकडा काढून तपासायला दिला होता तो मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, आणि तिथे सॉफ्टवेअर आमचंच. सकाळी मेसेज आला. रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांची वेळ सोमवारी. तोवरचे तीन दिवस काढायचे कसे? श्रुतिका पाणी भरायला उठे आणि रिकामीच बाटली घेऊन परत येई. डबा तसाच पडला होता.

चार वाजता माझ्या स्क्रीनवर मंजुरीची विनंती आली. रिपोर्ट फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच दिसावा, या नियमात दहा मिनिटांची सूट. कुणासाठी: श्रुतिका घाडी. कारण: माझी आई.

अगं बाई, 'टेस्टिंग' लिहिलं असतंस तर मी डोळे मिटून बटण दाबलं असतं! खरं लिहून माझ्याच गळ्यात धोंड बांधलीस. वीस मिनिटं मी नुसता बसून राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे. शेवटी 'नामंजूर' दाबलं आणि माझी मलाच लाज वाटली. मागचा राग तर काढला नाही ना मी, असंही मनात येऊन गेलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मला बसवेना. "डॉक्टरांना फोन केलास?"

"म्हणजे?"

"फोन गं, साधा फोन!"

दोन शिकलेसवरले इंजिनियर नियमात सूट द्यायची की नाही यातच अडकून बसले, पण फोन करायचं एकालाही सुचलं नव्हतं. तिने लगेच फोन लावला. हॉस्पिटलातली बाई म्हणाली, डॉक्टर सहापर्यंत आहेत, पेशंटला घेऊन या.

माझ्या बाईकवरून आम्ही मुलुंड गाठलं. प्रत्येक सिग्नलला ती मागून "सुटला का?" विचारत होती. काकू रिक्षाने आधीच येऊन बसल्या होत्या. मायलेकी केबिनमध्ये गेल्या, मी बाहेर बाकावर. मिनिटभरात श्रुतिका एकटीच बाहेर आली.

"काय झालं?"

"हाकललं मला. म्हणते, गाठ माझी, आधी मी ऐकणार." ती माझ्या शेजारी बसली. "मी तिला विचारलंच नव्हतं रे. तुझ्याकडे परवानगी मागितली, तिला एकदाही नाही विचारलं."

दोघंही दाराकडे बघत राहिलो.

दार उघडलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं. "साधीच गाठ आसा गो. आता ये आत. डबो खाल्लंस काय?"

श्रुतिका धडपडत उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"येऊ?" तिने विचारलं, आणि ढसाढसा रडायला लागली.