पुण्याला न येता पुण्याची पदवी

हडपसरच्या एका आयटी पार्कात बसून मी तीन वर्षं एका विद्यापीठाची ऑनलाइन पदवी फोनवरून विकली. 'पुण्याला न येता पुण्याची पदवी' हे वाक्य दिवसभर म्हणायचं. मी स्वतः वाशीमहून एसटीने इथे शिकायला आलेली. ते म्हणताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आमचे साहेब जन्माचे पुणेकर. मीटिंगमध्ये म्हणाले, "अहो, ही मुलं तिकडेच शिकली तर बरं. इथे आधीच चालायला जागा नाही." सगळे हसले, मीही हसले. साहेबांची मुलगी बंगळूरला वसतिगृहात राहून शिकत होती. तिला घरबसल्या पदवी कुणी सुचवली नव्हती.

एकदा वाशीमजवळच्या गावातून एका वडिलांचा फोन आला. मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि आमची जाहिरात पाहून तो रद्द करायचा त्यांचा विचार होता. "पदवी तेच ना मॅडम? मग पोरीला कायले धाडायचं?"

मी पाठ केलेलं बोलले. पदवी तीच, मुलगी डोळ्यांसमोर. त्यांनी लगेच नाव नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. आवाज दबका. "काल फोन स्पीकरवर होता, मी बाबांजवळच बसली होती. ताई, बोलण्यावरून तुम्ही आमच्याकडच्याच वाटता. तुम्ही कशा गेल्या पुण्याला?"

मी उत्तर टाळलं. "तो प्रवेश रद्द केला का?"

"उद्या करणार."

मी वडिलांना फोन लावला आणि धडधडीत खोटं बोलले. "परीक्षा पुण्यातच असते. दर वेळी महिनाभर राहावं लागेल. सोय आम्ही करत नाही."

वडील म्हणाले, "मग कॉलेजच बरं. तिथं होस्टेल तरी हाय."

आमचे फोन रेकॉर्ड होत. साहेबांनी तो ऐकला. "पगार आमचा आणि काम कॉलेजचं? आपण उद्यापासून आला नाहीत तरी चालेल." मी त्याच दुपारी टेबल आवरलं.

पुढे ती मुलगी मला मंडईत भेटली; भाजीचा भाव करताना माझा आवाज तिने ओळखला. कॉलेजचे निम्मे तास ऑनलाइनच होतात, म्हणाली. प्राध्यापक फिरकत नाहीत, वसतिगृहात कॉटवर बसून मोबाइलवर पाहते. मला कॉलेजची किळस आली आणि स्वतःच्या शहाणपणाचीही.

"पस्तावलीस का?" मी विचारलं.

"नाही ना, ताई. तास संपला की कात्रजहून मिळेल त्या बसमध्ये बसते. कुठं चाललीस म्हणून कोणी विचारत नाही."