रिकामा गोल

वासू गेल्याची बातमी मला मेडशीहून आलेल्या मोटारीच्या कंडक्टरने सांगितली. तिकिटं फाडता फाडता, सहज. "तुमचा तो मोजणीवाला दोस्त गेला म्हन्ते, भाऊ." मोटार भरली, निघून गेली, आणि मी वाशीमच्या अड्ड्यावर तसाच उभा... महिना उलटला. रडू अजून येत नाही, नुसता राग येतो. कोणावर, तेही सांगता येत नाही.

वासुदेव आणि मी नाल्यावर बांधायच्या तलावाच्या मोजणीत एकत्र होतो. बाहेर साखळ्या घेऊन फिरणारी माणसं आकडे आणायची आणि मेडशीच्या धर्मशाळेत टेबलं मांडून आम्ही त्यांचं गणित करायचो. नाल्याच्या डाव्या काठाचं पहिल्या टेबलावर, उजव्या काठाचं दुसऱ्यावर, दोन्ही एकाच वेळी. ती दोन्ही हाती आल्याशिवाय पाणी कुठवर चढेल हे तिसऱ्या टेबलाला काढता येत नसे. पण धीर कोणाला? एका काठाचं गणित मिळालं की तिसरं टेबल दुसऱ्याचा अंदाज धरून पुढे सुटायचं, आणि संध्याकाळी सगळं खोडावं लागायचं. वासू आमचा प्रमुख. त्याने तिसऱ्या टेबलावर खडूने दोन गोल काढले. ज्याचं गणित झालं त्याने आपल्या गोलात सुपारी ठेवायची. "दोनी सुपाऱ्या आल्याबिगर पेन्शिलीले हात लावायचा नाई," तो म्हणाला. तेव्हापासून काम रुळावर आलं. एकदा आमच्यातल्या एका पानखाऊ गृहस्थाने बोलण्याच्या नादात गोलातली सुपारी उचलून तोंडात टाकली, आणि तिसरं टेबल दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसलं. वासू पोट धरून हसला. नियम मात्र तोच राहिला.

मग पाण्याची रेषा निघाली, ती वासूच्या स्वतःच्या वस्तीवरून; म्हणजे वस्ती पाण्याखाली जाणार. त्याने दोन्ही काठांचं गणित पुन्हा करवून घेतलं. रेषा हलली नाही. नकाशा वर मंजुरीला गेला. पावसाळा तोंडावर आला होता. साहेब म्हणाले, मंजुरी आज ना उद्या येईलच. वासू वस्तीवर गेला आणि लोकांना घरं उतरवून टेकाडावर न्यायला सांगून आला. मी त्याला टोकलं, "अरे, मंजुरीची सुपारी कुठे आली?"

"येऊनच राह्यली. भर पान्यात लेकरं काढत बसू का मंग? दोनी कामं संगंच चालू देऊ."

आम्हाला पेन्सिल उचलू न देणारा हा माणूस... आपल्या माणसांच्या काळजीपोटी एकदाच पुढे सुटला.

मंजुरी आलीच नाही. तलावाच्या भिंतीचा एक दगडही बसला नाही. टेकाडावर विहिरीला पाणी लागलं नाही, लोक कामामागे पांगले, आणि जुन्या वस्तीच्या जागेवर बोरी-बाभळी माजल्या. कोणी वासूला वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्याने नोकरी सोडली, मायजवळ टेकाडावर जाऊन राहिला. जेवण तुटत गेलं, मग खोकला लागला. मी भेटायला गेलो की तो उतारावरून खाली कोरड्या नाल्याकडे बघत बसलेला असायचा.

परवा त्याच्या मायला भेटून आलो. खोलीत त्याचं टेबल तसंच आहे. त्यावर खडूचे दोन गोल, एकात सुपारी, दुसरा रिकामा. टेबल पुसताना गोल पुसट होतात, म्हणून आता म्हातारी ते स्वतः गिरवते. मला ते बघवेना. म्हटलं, "माय, काढून टाकू का हे?"

"राहू द्या, बापू. तो म्हने, आपली एक झाली, दुसरी वरून याची हाय." ती दाराबाहेर, खाली बघत राहिली. "पानी येऊ द्या एकडाव. आपली जुनी जागा बुडाली तं बुडाली. माह्या पोराचं खरं तं होईन."

मी निघालो. चपला घालताना मागे वळून पाहिलं, तर ती फळीवर खडू शोधत होती.