वन्सं, मुकादम आणि फिरता संडास

आमच्या वन्संच्या हाती लागलेलं एकही यंत्र आजवर न उघडता सुटलेलं नाही. बंद पडलेली यंत्रं तर त्या उघडतातच, पण चालू यंत्रावरही त्यांचा फारसा विश्वास नसतो. एखादा पंखा महिनोन्‌महिने बिनतक्रार फिरत राहिला की त्यांना चैन पडत नाही. "इतकं गप कसं काय चाललंय हे?" असं म्हणत त्या स्टूल ओढतात, आणि मग त्या पंख्याचं काही खरं नसतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेली. जन्मभर कानाला हेडफोन लावून लोकांची खरखर, घरघर आणि रडारड ऐकल्यामुळे जगातलं कुठलंही दुखणं आवाजावरून ओळखता येतं, अशी त्यांची पक्की समजूत. माझा मिक्सर बिघडला तेव्हा त्यांनी त्याला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घसा बसलाय याचा." दुपारभर तो त्यांच्या मांडीवर होता. दुरुस्त झाला, नाही असं नाही, पण तेव्हापासून एक नंबरवर तो पिसाळल्यासारखा फिरतो आणि तीन नंबरवर रेंगाळतो. पहिल्यांदा शेंगदाण्याची चटणी करायला गेले तर अर्धी चटणी भिंतीवर. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "उलटं लक्षात ठेव की! तेवढाच डोक्याला व्यायाम." प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू उरतात, ते का उरले असं विचारलेलं त्यांना खपत नाही. कंपन्या उगीच जास्तीचे स्क्रू लावतात, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांच्या मनात आलं, फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? कोण बघायला गेलंय? झालं. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून त्यांनी तो फ्रिजमध्ये उभा केला, दार लावलं, तेवढ्यात दारात भाजीवाली आली आणि वन्सं प्रयोग विसरून गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर घर उलटंपालटं. मोबाइल हरवलाय. मी माझ्या फोनवरून रिंग दिली. आम्ही दोघी गाद्या उचलतोय, कपाटं उघडतोय, आणि लांबून, विहिरीतून यावी तशी अगदी बारीक घंटी ऐकू येतेय. शेवटी कोथिंबिरीच्या जुडीमागे तो गारठलेला सापडला. दुसरा कुणी ओशाळला असता. वन्संनी आधी व्हिडिओ लावून बघितला आणि समाधानाने म्हणाल्या, "विझतो गं."

अशा या बाईंच्या घरात मुकादम आला. मुकादम म्हणजे बोका. श्रीपूरला एका नात्यातल्या लग्नाला गेल्या असताना साखर कारखान्याच्या रस्त्यावर वन्संना तो दिसला. उसानं भरलेल्या बैलगाडीवर अगदी वर, एवढंसं पिल्लू बसलेलं आणि खाली राबणाऱ्या माणसांकडे नापसंतीनं बघत असलेलं. "हा तर मुकादमच की!" म्हणून वन्सं त्याला पिशवीत घालून एसटीनं सोलापूरला घेऊन आल्या. भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगा अभिजित नोकरीसाठी पुण्यात. घरात बोलायला कुणी नव्हतं, ते आलं. मुकादमानं कधी उंदीर धरला नाही, कुणाच्या पायाशी घोटाळला नाही. वन्सं काही दुरुस्त करायला बसल्या की उंच जागी बसायचं आणि देखरेख करायची, एवढंच त्यानं आयुष्यभर केलं.

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण वन्संच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यापुढे वाकायचं नाही. आता घरात मांजर म्हटलं की त्याचं वाळूचं घमेलं आलं आणि ते रोज वाकून उपसणं आलं. अभिजितनं पुण्याहून फोन केला. "आई, मुकादमाला सांगोल्याला पाठवू. माझ्या सासऱ्यांची डाळिंबाची बाग आहे, मोकळा राहील." वन्सं म्हणाल्या, "बागेत कुत्री आहेत दोन. यानं कुत्रं फक्त गॅलरीतनं बघितलंय." मायलेकांचं बरेच दिवस वाजलं. शेवटी अभिजित स्वतः एक भलं मोठं खोकं घेऊन आला. त्यात मांजराचा स्वयंचलित संडास होता.

मी तोवर असलं काही बघितलं नव्हतं. दिसायला वॉशिंग मशीनचं लेकरू. आत वाळू भरलेला गोल ड्रम. मांजर आत जाऊन बाहेर आलं की थोड्या वेळानं तो ड्रम आपोआप सावकाश फिरतो, चांगली वाळू जाळीतनं गळून आतच राहते आणि घाण खालच्या खणातल्या पिशवीत पडते. आपण फक्त अधूनमधून पिशवी बदलायची. आईला वाकावं लागू नये म्हणून अभिजितनं ते यंत्र शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर, हॉलमध्ये कूलरजवळ बसवून दिलं. निघताना मात्र हळूच मला म्हणाला, "मामी, हे चाललं तर मुकादम राहील. नाही चाललं तर मी हट्टानं त्याला नेणार बघा. ती वाकली आणि काही झालं तर मी पुण्याहून कधी पोचणार?" पोराचंही खोटं नव्हतं.

सुरुवातीला मुकादमानं त्या यंत्राशी असहकार पुकारला. ड्रम फिरला की तो अंगाचा ब्रश करून कपाटावर चढायचा. वन्सं रोज त्याला समोर बसवून समजावायच्या, स्वतः ड्रममध्ये हात घालून वाळू उकरून दाखवायच्या. पण हळूहळू त्याची भीड चेपली आणि ते यंत्र आपल्या मालकीचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. आणि नेमकं तेव्हापासूनच ते बंद पडलं. लाल दिवा लुकलुकायचा आणि ड्रम जागचा हलायचा नाही.

वन्संनी मला बोलावून घेतलं. एरवी यंत्र बिघडलं की त्यांचा चेहरा खुलतो, त्या दिवशी नाही. म्हणाल्या, "शैला, अभीला सांगायचं नाही. शनिवारी यायलाय तो. त्याच्या आत याला बोलतं करायचं." मी म्हटलं, "वन्सं, पण उघडू नका लगेच." तर माझं ऐकून त्यांनी चक्क सबुरीनं घेतलं. बटण बंद करून चालू केलं. दिवा लालच. आत मांजर आहे की नाही ते बघणारा एक बारीक डोळा असतो, तो ओल्या फडक्यानं पुसला. तरी लाल. वाळू जास्त झाली असेल म्हणून मी उपसून काढली, कमी झाली असेल म्हणून परत भरली. सोलापूरचं व्होल्टेज, पुण्याची हवा, दुकानदाराची नियत, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मुकादम यंत्राच्या माथ्यावर पाय पसरून आमच्याकडे बघत होता. वन्सं कौतुकानं म्हणाल्या, "बघ, कशी देखरेख करायलाय."

मग कंपनीला फोन. पलीकडून एक मुलगी पाठ केल्यासारखं बोलू लागली आणि वन्संच्यातली ऑपरेटर जागी झाली. "बाळा, हळू बोल. आणि माईक तोंडाजवळ घे, आवाज लांबनं यायलाय." ती म्हणाली, तुमच्या भागात आमचा माणूस नाही. "का? सोलापूरला गाड्या येत नाहीत का?" ती म्हणाली, यंत्र बंद करून चालू करा. "ते झालंय. पुढचं सांग." पुढचं तिच्याकडे काही नव्हतं. पण फोन ठेवायच्या आत ती मुलगी मूळची कुठली, रात्रपाळी असते का, डबा आणते की बाहेरचं खाते, हे सगळं वन्संनी काढून घेतलं आणि जेवल्याशिवाय पुढचा फोन घेऊ नकोस म्हणून दमही भरला. यंत्र तसंच. वन्सं मात्र म्हणाल्या, "पोरगी गुणी आहे."

आता उघडण्याला पर्याय नव्हता. मुकादमानं एखादा स्क्रू गिळू नये म्हणून त्याला आतल्या खोलीत कोंडलं. मग हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि वन्संना खुर्चीत ताठ बसवून मी त्या सांगतील तसा एकेक भाग काढत गेले. मोटर, दातेरी चाकं, पट्टा. प्रत्येक भागाला त्यांनी कान लावला. सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत. पट्ट्यावरची वाळू झटकली, चाकांना तेलाचं बोट लावलं आणि सगळं परत जोडलं. तीन-चार स्क्रू उरले, ते मी न बोलता बाजूला ठेवले. बटण दाबलं. ड्रम घुर्र करून फिरला. "फिरायलाय! शैला, फिरायलाय की गं!" वन्सं अशा ओरडल्या की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. आम्ही चहा केला, कडक भाकरीचे तुकडे चहात बुडवून खाल्ले आणि मी विजयी मुद्रेनं घरी आले.

सकाळी त्यांचा फोन. "लाल."

मी गेले तेव्हा वन्सं खुर्चीत बसल्या होत्या आणि पेचकस हातात नव्हता. त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी भावोजींच्या वेळीच काय ते बघितलं होतं. म्हणाल्या, "अभीनं ओढत नेण्यापेक्षा मीच देते. आपल्या हातानं दिलं की बरं असतं." स्वयंपाकघरात मुकादमाची ताटली घासून, पुसून ठेवलेली. त्याच्या टोपलीत त्यांनी आपली जुनी मऊ सोलापुरी चादर घडी करून घातली होती. "ही असू दे बरोबर. वास ओळखीचा लागेल." मी काही बोलायला गेले तर हातानंच थांबवलं. "तू ठेव त्याला टोपलीत. मला वाकायचं नाही." खरं तर वाकायचा प्रश्नच नव्हता, तो टेबलावरच्या यंत्राच्या माथ्यावर पसरला होता, उभ्यानं हात पुरला असता.

मी मुकादमाला उचललं. तो जड, ढिला, झोपेत. कसाबसा स्टुलावरच्या टोपलीत ठेवला, वर झाकण लावलं. वन्संनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी आत जाऊन त्याची ताटली फडक्यात गुंडाळून आणली. आणि पाठीमागे घुर्र झालं.

ड्रम फिरत होता. कुणी हात लावला नव्हता, बटण दाबलं नव्हतं. सावकाश, अगदी शिस्तीत फिरला, वाळू गळाली, खणात काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि दिवा निळा झाला. वन्सं माझ्याकडे बघताहेत, मी वन्संकडे. मग त्यांनीच टोपलीचं झाकण काढलं, मुकादमाला उचलून परत यंत्राच्या माथ्यावर ठेवलं. दिवा लाल. मी उचललं, काही वेळ गेला, परत घुर्र. त्या यंत्राला खाली वजनाचा काटा होता. वजन आहे तोवर मांजर आतच आहे असं समजून ते बिचारं अदबीनं वाट बघत थांबायचं. आणि मुकादमाला कूलरच्या वाऱ्यात ऐसपैस पसरायला अख्ख्या घरात तीच एक जागा आवडली होती. आम्ही वाळू उपसली, मोटर काढली, कंपनीला धारेवर धरलं, आणि बिघाड सगळा वेळ डोक्यावर बसून आमच्याकडे बघत होता.

वन्सं हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग ते पुसणं बराच वेळ चाललं. मुकादमाला छातीशी धरून म्हणाल्या, "मेल्या, तोंड नाही व्हय तुला? सांगायचंस की!"

आम्ही यंत्र दुसऱ्या भिंतीला नेलं आणि कूलरसमोर एक खुर्ची ठेवली. शनिवारी अभिजित आला. यंत्र त्याच्यासमोर नीट चाललं. तो समाधानानं हसला, मुकादमाला खाजवलं, आणि "राहू दे त्याला इथंच," म्हणाला. पण रात्रीचं जेवण झाल्यावर वन्सं भांडी आवरत होत्या तेव्हा तो त्यांच्याकडे नुसता बघत बसला होता. वन्संच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्याला मांजराचं काही नव्हतं गं. त्याला मी पाहिजे होते."

त्यानंतर वर्षभर त्या इथं राहिल्या. मग मणका पुन्हा दुखायला लागला, एकटीनं जिना उतरणं होईना, आणि एक दिवस अभिजित मोठी गाडी घेऊन आला. वन्सं, मुकादम आणि ते यंत्र, तिघंही पुण्याला गेली. पाठवणी करताना वन्सं सारख्या ड्रायव्हरला इंजिनाचा आवाज बरोबर नाही म्हणून सांगत होत्या. तेवढं बरं झालं, आम्हाला कुणाला रडायला सवड मिळाली नाही.

परवा फोन आला होता. मी विचारलं, "करमतंय का?"

"करमायला काय झालंय? अभी लई जपतो. सूनबाई पानात वाढून देते. मुकादम खिडकीत बसून समोरच्या बांधकामावर लक्ष ठेवतो." मग हळूच म्हणाल्या, "पण शैला, हितं सगळं नवं कोरं आहे गं. काही बिघडतच नाही."

मी म्हटलं, "मग या की चार दिवस इकडं."

"येते की," त्या लगेच म्हणाल्या. एवढा प्रवास आता त्यांच्या पाठीला झेपायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी कुठल्या गाडीनं यायचं, उतरवून घ्यायला कोण येणार, आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, हे आम्ही दोघी बराच वेळ ठरवत बसलो.