जामाचं औषध

खारीचा वाटा म्हणतात, तो उचलताना मी खारीला कधी पाहिलं नाही. आमच्या घरी ती अख्खं ताटच उचलायची.

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. सासरचं घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांचं. मागे मात्र ऐसपैस आवार होतं आणि त्यात एकच झाड, जामाचं. बाकीचा महाराष्ट्र त्याला पेरू म्हणतो, म्हणो बापडा. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ज्या वर्षी बुद्धाची दीक्षा घेतली त्याच वर्षी ते लावलेलं. गिरणीत कामाला होते तेव्हा पाळी संपवून आले की आधी झाडापाशी जात आणि मग पाय धूत, असं आत्याबाई सांगायच्या. आत्याबाई म्हणजे सासू. हे सांगताना त्यांच्या आवाजात जरा सवतीमत्सर असायचा.

थंडी सुरू झाली की जाम पिकायचे. आतून गुलाबी, आणि वास असा की फाटक उघडणाऱ्याला आधी तोच भेटायचा. पण आमच्या आधी तो खारींना भेटलेला असायचा. एक जाम धड खाऊन संपवावा, मग दुसऱ्याकडे वळावं, ही रीत त्यांना ठाऊकच नाही. याचा गाल कुरतड, त्याचं बूड कुरतड, मधेच कोवळ्या फांदीची साल सोल, आणि वर आपल्याकडेच बघून चिरचिर ओरड. मी त्या खारींवर खार खाऊन आहे असं माझा नवरा म्हणायचा. स्वतःच्या या विनोदावर तो दर वर्षी नव्याने हसायचा.

उपाय आम्ही काय कमी केले? रॉकेलचा डबा कापून त्याचा पत्रा बुंध्याला गुंडाळला, म्हणजे खारीला चढताना पाय रोवता येऊ नये. त्या कवेलूंवरून फांदीवर उडी मारू लागल्या. कवेलूंकडची फांदी छाटली, तर कपडे वाळत घालायच्या तारेवरून यायला लागल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून जामांना बांधल्या, त्या चिंध्या त्यांनी घरट्यासाठी नेल्या. गल्लीतल्या एकाने गुलेर, म्हणजे गलोल, आणून दिली होती, ती मामाजींनी हात न लावता परत केली. ते रोज सकाळी वंदना घेत, आणि पंचशीलातलं पहिलं शील, कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही, हे त्यांच्या तोंडी नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. झुरळसुद्धा ते कागदावर घेऊन बाहेर सोडत. आत्याबाई कपाळाला हात लावत आणि मामाजींची पाठ फिरली की चप्पल उचलत.

एका हिवाळ्यात मामाजींच्या पोटाचं ऑपरेशन झालं. धंतोलीतल्या एका दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा माणूस निम्मा झाला होता. पेज, वरणाचं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं औषध, एवढंच. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, बिया असलेलं काही महिनाभर पोटात जाता कामा नये, आणि जोराचा खोकला किंवा ओकारी होऊ देऊ नका, टाके कच्चे आहेत. महिन्यानंतर जाम चालेल का, एवढाच प्रश्न मामाजींनी विचारला. बिया काढून चालेल, असं डॉक्टर म्हणाले.

आत्याबाईंनी ते धरून ठेवलं. महिनाभराने नवऱ्याला त्याच्या झाडाचा जाम खाऊ घालायचा, म्हणजे तो बरा झाला. त्यांच्या मनात ही दोन वाक्यं एकच होती. आणि झाडावर तर रोज सकाळी नवे जाम कुरतडलेले दिसत. महिना संपेपर्यंत नुसती पानं उरतील या भीतीने त्या बाईचं जेवण गेलं. मला त्यांची दया यायची आणि त्यांच्या चिडचिडीचा वैतागही यायचा.

अशात माझा भाऊ कुहीकडून नवा तांदूळ घेऊन आला. कुही माझं माहेर, तिथे आमची धानाची शेती. आत्याबाईंनी त्याच्यापुढे खारींचं सगळं गाऱ्हाणं मांडलं. पुढच्या खेपेला त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक बाटली काढली.

"धानाले मारतो तेच औषध आहे, मावशी," तो म्हणाला. "खारीनं उष्टावलेल्या जामाले चोपडून ठेवा. ते त्याच जामाकडं परत येते."

गावाकडे आम्ही त्याला औषधच म्हणतो. फवारणीचं औषध, किड्यांचं औषध. कोणी ते पिऊन जीव दिला तरी लोक म्हणतात, त्यानं औषध घेतलं. खरा शब्द जिभेवर घ्यायला कोणी तयार नसतं.

"मामाजींना कळलं तर?" मी आत्याबाईंना विचारलं.

"काहून कळंन? तू सांगशील काय?" त्या म्हणाल्या. "त्याहिचं शील त्याहिच्यापाशी. मले माहा माणूस पायजे."

मी बाटली तांदळाच्या कोठीमागे, सगळ्यांत आत सरकवून ठेवली.

टाके दाखवायला मामाजींना धंतोलीला न्यायचा दिवस आला. माझा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होता. दुपारपाळी होती, म्हणून तो सकाळीच त्यांना रिक्षाने घेऊन गेला. रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि आत्याबाईंनी स्टूल बाहेर काढलं. मी खाली स्टूल धरून उभी. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून अर्धवट खाल्लेले जाम चोपडले आणि प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा बांधला, घरातल्या कोणाचा चुकून हात जाऊ नये म्हणून. मग साबणाने दोनदा हात धुतले. एवढी काळजी घेतल्यावर आता भिण्यासारखं काही उरलं नाही, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

आम्ही घरात स्वयंपाकाला लागलो. थोड्या वेळाने ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी मागच्या दाराने बाहेर आले तर मामाजी आवारातल्या बाजेवर बसलेले. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. टाके कोणा दुसऱ्यानेच पाहिले, पट्टी बदलली आणि यांना मोकळं केलं. मुलगा त्यांना मागच्या फाटकाशी सोडून तसाच कोराडीची बस धरायला गेला होता. मामाजींच्या एका हातात चाकू होता, मांडीवर वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर जामाची सालं व खरवडून काढलेल्या बिया. तोंड चालू होतं.

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे हसले. "सूनबाई, तुह्या सासूले सांगू नको. खारीनं दात लावलेला जाम सगळ्यात गोड रायते. तिले पिकलेला बराबर समजते. तिचं उष्टं कापून फेकतो न् बाकीचं मी खातो. आठ दिवस झाले, काही होऊन नाही राहिलं."

माझ्या हातून बादली सुटली. मी झाडाकडे पाहिलं. खालच्या फांदीवरचा, हात पोचेल असा, दोऱ्याचा जाम जागेवर नव्हता.

माझ्या हाकेने आत्याबाई धावत आल्या. त्यांनी कागदावरची सालं पाहिली, मग फांदी पाहिली.

"तुमी औषध खाल्लं," त्या म्हणाल्या.

"घेतलं ना," मामाजी म्हणाले. "जायच्या आधीच. दोन चमचे."

"ते नाही वं माय," त्या मलाच म्हणाल्या, जणू त्यांना समजावण्याचं काम माझं. मग त्यांच्याकडे वळून, "जामाचं औषध. जामाले लावलेलं."

"जामाले काय झालं? कीड लागली काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर झाडाची काळजी होती. मला रडू आणि संताप एकदमच आला. या घरात तीन माणसं एका शब्दाभोवती चकरा मारत होती आणि तेवढ्यात एकाचा जीव जाऊ शकत होता.

"मामाजी, जहर आहे ते," मी म्हटलं. "खारींसाठी लावलं होतं. तुम्ही खाल्लेला जाम कोणत्या फांदीचा?"

चाकू त्यांनी सावकाश कागदावर ठेवला. "आताचा नव्हे," ते म्हणाले. "सकाळी जाताना तोडला होता. खिशात ठेवला होता. आता बसलो निवांत."

मला विश्वास ठेवायचा होता. पण ज्या माणसाने आठ दिवस बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याच्या शब्दावर आत्याबाई कशा विसंबणार? त्या आत जाऊन तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून घेऊन आल्या.

"प्या. ओकून टाका."

"टाके तुटतील," मी म्हटलं.

"मंग मरू देऊ काय?"

तांब्या मध्ये, एका बाजूला त्यांचा हात, दुसऱ्या बाजूला माझा. ओकारी काढली तर पोट उसवणार, नाही काढली तर आत काय चाललंय कोणाला कळणार. मी मामाजींच्या हाताचा वास घेतला, तर त्याला दवाखान्याच्या स्पिरिटचाच वास. सालं हुंगली. जामाचा वास येत होता, पण तोवर माझा माझ्या नाकावरही भरवसा उरला नव्हता. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून काय झालं विचारत होत्या. त्यांना रिक्षा आणायला पिटाळलं. मामाजी मात्र झाडाकडे बघत होते.

"तो जाम शोधते," मी आत्याबाईंना म्हटलं. "रिक्षा येईपर्यंत थांबा. तोवर पाजू नका. माझी शपथ."

झाडाखाली काही नव्हतं. कुंपणाशी, लाकडांच्या ढिगामागे, काही नव्हतं. मी गुडघ्यांवर रांगत होते, नेसलेलं पातळ चिखलात लोळत होतं, आणि मागून आत्याबाईंचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मामाजींना घाम आलाय का, डोळे कसे दिसतात, हे त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या. धुण्याच्या दगडामागच्या नालीत हात घातला तेव्हा काहीतरी मऊ लागलं.

आधी जाम आला. देठाला लाल दोरा, एक बाजू नव्याने कुरतडलेली. त्याच्या पलीकडे खार पडली होती. पाय ताठलेले, तोंडाला फेस.

मी दोन्ही उचलून बाजेपाशी आणलं. आत्याबाईंनी आधी दोरा पाहिला, मग खार पाहिली. त्यांच्या हातातला तांब्या कलंडला आणि मिठाचं पाणी बाजेखाली पसरलं.

"बरं झालं," त्या हसत आणि रडत म्हणाल्या. "बरं झालं वं माय, इनंच खाल्लं. इनंच खाल्लं."

मामाजींनी हात पुढे केला. मी खार त्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठ्याने त्यांनी तिच्या पाठीवरचे पट्टे सरळ केले.

"माह्या वाट्याचं होतं ते," ते म्हणाले. "तिनं खाल्लं."

आत्याबाईंचं हसणं थांबलं. मामाजी त्यांच्यावर ओरडले असते तर त्यांनी सव्वापट उत्तर दिलं असतं, तेवढी धमक त्यांच्यात होती. पण ते ओरडलेच नाहीत. टाक्यांमुळे वाकायची मामाजींना मनाई होती, म्हणून खड्डा आत्याबाईंनाच खणायला सांगितला, झाडाच्या बुंध्याशी. त्यांनी तो खणला. दोऱ्याचे उरलेले जामही उतरवून वेगळ्या खड्ड्यात पुरले. मग कोणी सांगितलं नसताना बुंध्याचा पत्रा ओढून काढला, त्याच्या तारेने बोट कापलं तरी थांबल्या नाहीत. काकूंनी आणलेली रिक्षा मी तोवर परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला आम्ही तिघं बसलो. पहिल्या शीलाला आत्याबाईंचे ओठ मिटलेले होते. मामाजी त्यांच्यासाठी थांबले, बराच वेळ थांबले, आणि मग एकटेच म्हणाले.

महिना भरल्यावर त्यांनी बिया काढलेला जाम खाल्ला. आत्याबाईंनीच कापून दिला, स्वतः मात्र त्या झाडाचा जाम पुन्हा तोंडात घातला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी माझा भाऊ परत आला. चहा पिता पिता सहज विचारलं, "काय मावशी, औषध लागू पडलं काय?"

आत्याबाई उठल्या. कोठीमागून ती बाटली काढून तिच्याच कागदात नीट गुंडाळली आणि त्याच्या पिशवीत ठेवली.

"पडलं गा बाबू," त्या म्हणाल्या. "मलेच पडलं."