वाळवणाची अक्का

सिमेंटच्या अंगणात ती आधी उजवा पाय टेकायची, डावा अधांतरी ठेवायची आणि बगळ्यासारखी उभी राहून म्हणायची, "थांबा रायर, अजून नाही."

कुंभकोणमला आम्हा मराठी माणसांना रायर म्हणत. मी तिथल्या एका भातगिरणीत कारकून होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली असतील. तिला सगळे अक्का म्हणत. आमचे बोलणे तमिळमध्ये व्हायचे, इथे मराठीत लिहितो आहे. उकड्या तांदळासाठी साळ उकडून अंगणभर वाळत घालायचे. फरशी फार तापली की दाणा आतून तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. म्हणून वेळीच ढीग करून वर गोणपाट टाकायचे. ती वेळ अक्काचा तळवा ठरवायचा.

परवा एका गिरणीत पाहिले, माणूस सावलीत उभा राहून फरशीवर छोटे यंत्र रोखतो आणि तिला न शिवता तिचा ताप आकड्यात वाचतो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

एका उन्हाळ्यात बाकीच्या बायका फरशीवर पाय उचलून नाचत होत्या आणि अक्का मध्ये स्वस्थ उभी.

"अक्काने पायाला म्हशीचं कातडं शिवून घेतलंय गं!" एकजण ओरडली.

"तुझ्या सासूचं," अक्का म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

ती चालू लागली तेव्हा तिच्यामागे फरशीवर ओले डाग उमटत गेले. टाचेचा फोड फुटला होता. मी तिला भिंतीआड बोलावले.

"अक्का, पाय बघ तुझा."

तिने पाहिला, दुसऱ्या कुणाचा पाहावा तसा.

"पोंगलपासून असंच आहे. मालकांना सांगू नका, रायर. मी हाताने बघीन. हात अजून माझे आहेत."

तो महारोग होता. आम्ही दोघांनीही तो शब्द उच्चारला नाही. कळले असते तर काम गेलेच असते, गल्लीतही तिला कुणी राहू दिले नसते. "नाही सांगणार," मी म्हटले. आणि सांगितले नाही.

त्या दिवसापासून ती वाकून मनगट फरशीला लावू लागली.

ढीग करण्याआधी ती मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवायची आणि मी त्यातले एकदोन चावून बघायचो. गिरणीची रीतच होती. काही दिवसांनी तिने मूठ पुढे केली आणि मी सूप पुढे केले. ठरवून नव्हे. भीती वाटत होती, एवढेच आठवते. तिने सुपाकडे पाहिले, दाणे त्यात सोडले.

"चावून बघणार ना, रायर?"

मी सूप धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मालकाशी भांडून गेली, असे गिरणीत म्हणत. कुणी विचारले तर मीही तेच सांगत आलो. भांडण झाले नव्हते. तिला कुणी काढलेही नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मी बसने तिरुवलंचुळीला निघालो होतो. देवदर्शनाला अनवाणी जाणारी माणसे तापलेले डांबर टाळून झाडांखालून चालली होती. अक्का मधोमध, पाघळलेल्या डांबरावरून सावकाश चालली होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती बाजूला झाली.

मी खिडकीतून मान आत घेतली.